कणसरीची मूठ

या, जरा पुढे सरकून बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा मागपर्यंत जात नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखीही नाही. कीर्तनात बुवा आख्यानाला लागले की मागची मंडळी नकळत पुढे येतात ना, तसं या. फरक एवढाच, की बुवांच्या आख्यानात शेवटी देव धावून येतो. माझ्या गोष्टीत तो आला नाही. आणि तो का आला नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

मी रवींद्र. डहाणू डेपोत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली निम्मी तलासरी-उधवा गाडीवर. राहायला मसोलीत. रिटायर झाल्यावर एकच काम उरलं, जिथे कीर्तन असेल तिथे झांज घेऊन बुवांच्या मागे उभं राहायचं. नरपडला गेलो, वरोरला कोळ्यांच्या देवळात गेलो, एकदा तर ताप अंगात असताना बोर्डीला गेलो. कीर्तन ऐकून माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मी फक्त हळवा झालो. हळवेपणालाच मी भक्ती समजत होतो, इथून सगळं सुरू झालं.

प्राजक्ता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ लवकर गेला, त्यामुळे ती आमच्याच घरात वाढली. भूगर्भशास्त्र शिकली आणि पीएचडीला लागली ती माकडांच्या पूर्वजांवर. सुरतेच्या पलीकडे कच्च्या कोळशाची एक खाण होती, तपकिरी कोळसा असतो ना, लिग्नाईट, त्याची. कोळशाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा मातीचा थर, आणि त्या मातीत साडेपाच कोटी वर्षांपूर्वीची हाडं. खाण बंद व्हायला आली तेव्हा प्राजक्ताने आणि तिच्या सरांनी त्या थरातली एकशेबारा पोती माती भरून घेतली. पुढच्या पावसात खाण पाण्याने भरली. आता तिथे तळं आहे. म्हणजे ती माती या जगात उरली होती ती फक्त त्या पोत्यांत.

पोती ठेवायला छप्पर हवं होतं, धुवायला पाणी. मीच जागा सुचवली. उधव्याच्या पुढे, नदीला लागून, एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे. आणि माणूसही मीच सुचवलं. गिरणीच्या मागच्या पाड्यावरची रूपी.

रूपी वारली समाजाची, पन्नास-पंचावन्नची असेल. पंधरा वर्षं माझ्या गाडीने टोपल्या घेऊन तलासरीच्या बाजाराला जायची. टोपलीचं तिकीट काढायला सांगितलं की म्हणायची, "टोपली बसली कुठं दादा, ती तर माझ्या डोक्यावर उभी हाय." नवरा नव्हता. मुलगा ट्रकवर, बाराही महिने बाहेर. घरात ती आणि सून गंगी. अंगणात सात कोंबड्या. गिरणीच्या मागे दोन गुंठ्यांची नागली, म्हणजे तुमची नाचणी.

पहिल्या दिवशी प्राजक्ताने तिला समोर बसवून काम सांगितलं. माती सोड्याच्या पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीवर धुवायची, ताडपत्रीवर वाळवायची आणि मग जो चुरा उरेल तो दाणा दाणा बघायचा.

"नि बघायचा काय, बाय?"

"दात. माकडाचे."

रूपी हसली. "माकडां तर रोज आमच्या छपरावर नाचतात. एक धरून देते, त्याचे मोज."

"ते आत्ताचं माकड, मावशी. मला माकड व्हायच्या आधीचं हवंय. उंदराएवढं होतं ते."

"मग उंदीर बोल ना."

प्राजक्तालाही हसू आलं. तिने जमिनीवर काडीने एक रेघ ओढली आणि तिला दोन फाटे काढले. एक फाटा माकडांकडे जातो, तुमच्या-आमच्याकडेही तोच. दुसरा जातो लेमूर नावाच्या प्राण्यांकडे, मोठ्या डोळ्यांचे असतात, झाडावर राहतात. जिथून रेघ फुटली तिथले प्राणी एकमेकांसारखेच दिसायचे. चीनमध्ये सापडलेत, इजिप्तमध्ये सापडलेत. शेपटी उडवत उड्या मारणारी आपली ओळखीची माकडं फार नंतरची, त्यांचे सगळ्यात जुने दात आफ्रिकेतले, दोन-अडीच कोटी वर्षांचे. प्राजक्ताचा प्रश्न साधा होता. आपला देश त्या काळी बेटासारखा तरंगत येऊन आशियाला नुकता टेकत होता. तेव्हा माकडाच्या वाटेवरचं कुणी त्याच्यावर राहत होतं की नाही?

मी विचारलं, "मग आपले मारुतीराय कुठल्या फाट्यावर?"

"मारुतीराय चिरंजीव आहेत, काका. त्यांना दाखला लागत नाही. या बिचाऱ्याला लागतो."

मला ते फार आवडलं. त्या संध्याकाळी मी ते बुवांनाही सांगितलं.

काम चालू झालं. माझ्याकडे पोत्यांचे नंबर लिहायचं काम होतं, चिठ्ठ्या बांधायचं आणि वही ठेवायचं. रूपीची नजर अशी की प्राजक्ता भिंगातून जे शोधायची ते ती नुसत्या डोळ्यांनी उचलायची. माशांचे दात, सापाचा मणका, मुशीचा, म्हणजे शार्कचा, काळा दात. आठव्या दिवशी तिने वाळलेला चुरा सुपात घेतला. प्राजक्ता घाबरून धावली. "मावशी, उडून जाईल."

"उडंल तो कोळसा. हाड उडत नाय. नागलीतला खडा उडतो का?"

आणि खरोखरच कोळशाची कणी सुपाच्या टोकावरून पुढे पडली आणि जड ते सगळं मागे राहिलं. दोन दिवसांचं काम एका तासात झालं. प्राजक्ताने सरांना व्हिडिओ पाठवला. सर म्हणाले, या बाईंना मी नमस्कार सांगितलाय म्हणून सांग. प्राजक्ताने निरोप दिला तर रूपी म्हणाली, "नमस्कार ठेव तिथं, हात ओले हायत."

आता ऐका. गोष्ट इथे वळते आणि वळवणारा मी.

त्याच आठवड्यात मसोलीला कीर्तन होतं. विषय नैवेद्याचा. बुवांनी असं रंगवलं की माझी झांज दोनदा चुकली. ज्याने दिलं त्याला आधी, मग पोराला, मग स्वतःला, असं ते घोळवून घोळवून सांगत होते. दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो तो त्याच तंद्रीत. प्राजक्ता नदीवर चाळण्या धूत होती. रूपीने सूप खाली ठेवलं नि मला म्हणाली,

"दादा, एक इचारू? मी ही माती सुपात पाखडते. सुपात आला म्हंजे पीक झाला. पिकाची पहिली मूठ कणसरीची. ती दिल्याबिगर मी कंदी पाखडला नाय. हात जड होतो माझा."

कणसरी म्हणजे त्यांची धान्याची देवी. खळ्यात नवं धान्य आलं की पहिली मूठ तिची. ती मोजायची नाही, बघायची नाही, परत मातीला द्यायची.

माझे डोळे भरून आले. काल बुवा सांगत होते तेच ही अडाणी बाई जगत होती, असं मला वाटलं. अडाणी कोण होतं ते पुढे कळेलच.

"दे बाई," मी म्हणालो. "देवाच्या आधी आपण कोण."

"बायला सांगू?"

"तिला कशाला? ती मुठीलाही नंबर मागेल."

दोघंही हसलो. त्या दिवसापासून प्रत्येक पोत्याचा चुरा वाळला की रूपी डोळे मिटून पहिली मूठ घ्यायची आणि आपल्या अंगणाच्या कडेला, नागलीच्या खळ्यावर, टाकून यायची. माझ्या वहीत प्रत्येक गोष्टीची नोंद आहे, कुठल्या चाळणीला भोक पडलं तेही. ही नोंद नाही.

एक्केचाळिसाव्या पोत्यात ते सापडलं.

रूपीने तळहात पुढे केला. त्यावर काळ्या हाडाचा एक तुकडा, तुमच्या करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढा, आणि त्यात ओळीने तीन दाढा. एकेक दाढ नागलीच्या दाण्याएवढी. प्राजक्ताने तो भिंगाखाली धरला, उलटसुलट करून पाहिला. मग तिने माझा हात पकडला. पोर लहानपणी रस्ता ओलांडताना पकडायची तसा.

"काका, हे त्या माकडाच्या वाटेवरचं असू शकेल. पण हा मागचा अर्धा जबडा आहे. मागच्या दाढांवरून भांडण मिटत नाही, दोन्ही फाट्यांच्या सारख्याच दिसतात. पुढचा तुकडा हवा. सुळा केवढा, समोरचे दात उभे की आडवे, त्यावरून ठरेल." तिने तुकडा वळवला. कड स्वच्छ होती, आत फिकट. "आणि ही मोड ताजी आहे. पोत्यात भरताना नाहीतर धुताना तुटलंय. म्हणजे पुढचा तुकडा याच पोत्यात आहे."

मार्चअखेर तिची फेलोशिप संपत होती. सरांनी फोनवर सांगितलं, पुढचा तुकडा मिळाला तर हे काम साऱ्या जगात वाचलं जाईल, तुला कुठेही जागा मिळेल. नाही मिळाला तर हा एक शंकास्पद तुकडा, डब्यात जाईल. तेव्हा जानेवारी चालू होता.

एक्केचाळिसाव्या पोत्याचा सगळा चुरा तिने पुन्हा पाहिला. मग पुन्हा. मग रूपीने पाहिला, मग दोघींनी मिळून. उडालेला कोळसासुद्धा झाडून गोळा केला आणि भिंगाखाली घातला. तीन आठवडे गेले. प्राजक्ताच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, डॉक्टरने थेंब दिले, ती थेंब घालून पुन्हा बसायची. मी रोज देवापुढे एकच मागायचो, पोरीला तो तुकडा दे. मागताना मला एकदाही मूठ आठवली नाही. खरं सांगतो, आठवली नाही. आठवली असती तरी मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

आठवण झाली ती प्राजक्ताने विचारलं तेव्हा. चाळण्या पुसता पुसता, थकून, सहज विचारल्यासारखं.

"मावशी, या पोत्यातलं काही बाहेर गेलं का कुठे?"

रूपीने हातातलं थांबवलं. "पहिली मूठ गेली, बाय."

"कसली मूठ?"

रूपीने सांगितलं. जसं मला सांगितलं होतं तसंच, त्याच शब्दांत. प्राजक्ता ऐकत होती आणि तिच्या तोंडावरचा रंग उतरत होता. मग तिने विचारलं, "प्रत्येक पोत्याची?"

"हां."

"कुणाला विचारून?"

रूपीने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत पाहत होतो. वहीत लिहिण्यासारखं काही नव्हतं, तरी मी पेन धरलं होतं. एकतीस वर्षं मी लोकांना म्हणालो, सुट्टे काढा, तिकीट दाखवा, खरं बोला. तेव्हा माझी जीभ कशी चुरूचुरू चालायची. त्या दिवशी ती हललीच नाही.

"कुणाला काय इचारायचा," रूपी म्हणाली. "आमची रीत हाय."

आम्ही तिघं तिच्या खळ्यावर गेलो. सारवलेली जमीन, कडेला भुसभुशीत माती. प्राजक्ताने ती माती वीतभर खोल उकरून काढली, सत्तावीस टोपल्या. सगळी धुतली. तिच्यात माशांचे दात निघाले, मुशीचे निघाले, म्हणजे मुठी तिथेच पडल्या होत्या यात शंका राहिली नाही. जबडा नव्हता. मला वाटत होतं की निदान आता सापडेल आणि मी काही न बोलताच सुटेन. अशीही प्रार्थना असते, मंडळी. मी ती केली आहे.

दहाव्या दिवशी रूपी खळ्यावर उकिडवी बसली होती. समोर तिच्या कोंबड्या टिपत होत्या. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,

"बाय, यांना दात नाय. ह्या खडे गिळतात. पोटात खडे दळतात तवा दाणा जिरतो."

प्राजक्ताने हातातली टोपली खाली ठेवली. तिला हे माहीत होतं. ती कितीतरी दिवस ते बोलत नव्हती, हे मला तेव्हा कळलं.

"नको, मावशी."

"कसा नको? माझ्या हातून गेला, माझ्या घरात हाय. मी काढते."

"अंडी विकून तुमचं मीठ-मिरची येतं त्यांच्यावर. नको."

पण रूपीने पहिली कोंबडी धरलीसुद्धा. मी माळकरी माणूस, मी उठून पडवीच्या बाहेर जाऊन बसलो आणि रामकृष्णहरी म्हणू लागलो. आतून आवाज येत होते. पंखांचा फडफडाट, मग काही नाही, मग पाण्याची बादली. गंगी एकेक कोंबडी आणून देत होती आणि प्रत्येकीचं नाव घेत होती. नावं होती त्यांना. तांबडी. लंगडी. नवरी. मी नामस्मरण करत होतो आणि माझ्या कानात ती नावं पडत होती. प्रत्येक वेळी वाटायचं, उठावं, आत जावं, म्हणावं की थांब रूपी, मी सांगतो. पाच वेळा वाटलं. पाच वेळा बसून राहिलो.

पाचव्या कोंबडीच्या पोटात, खडे असतात त्या पिशवीत, तो होता.

प्राजक्ताने तो धुतला आणि भिंगाखाली धरला. मी दारात उभा होतो. काळा, तांदळाच्या कणीएवढा, गुळगुळीत. नदीतल्या गोट्यासारखा. दात झिजून गेले होते. सुळ्याच्या जागी काही नव्हतं. खाली मुळाचं एक भोक राहिलं होतं, तेवढ्यावरून ओळख. तिने मागचा अर्धा तुकडा काढून त्याला लावून पाहिला. मोडही झिजली होती, नीट बसेना.

"हाच आहे," ती म्हणाली. "पण आता हा काहीच सांगत नाही."

रूपीने उरलेल्या दोन कोंबड्याही कापल्या. प्राजक्ता म्हणत होती, सापडलाय मावशी, थांबा. ती म्हणाली, "कणभर राहिला असंल यांच्यात." काही नव्हतं. सात कोंबड्या ओळीने पडल्या होत्या आणि पाड्यावरची माणसं येऊन विचारत होती, आज देवकार्य कसलं.

प्राजक्ता रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने रूपीचं सूप उचललं, तिच्याच घराच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि तिला म्हणाली, "उद्यापासून नका येऊ, मावशी. उरलेलं मी बघते." आवाज अगदी मऊ होता.

दुसऱ्या दिवशी रूपी आली. गिरणीच्या बाहेर, चिंचेखाली बसली. आत कुणी बोलावलं नाही. दुपारच्या गाडीची वेळ झाली तेव्हा उठून गेली. तिसऱ्या दिवशीही आली. मी तिच्यासमोरून आत गेलो, बाहेर आलो. ती म्हणाली, "दादा, बाय जेवली का?" मी म्हणालो, जेवली. चौथ्या दिवशी चिंचेखाली कुणी नव्हतं. गंगीला घेऊन ती वसईकडच्या वीटभट्टीवर गेल्याचं कळलं. कोंबड्या नव्हत्या, गिरणीतलं काम नव्हतं, इथे राहून करणार काय?

प्राजक्ताने लेख लिहिला तो अर्ध्या जबड्यावर. सहा महिन्यांनी परत आला. पुरावा अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच काय ते. तो तुकडा डब्यात आहे, डब्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे. माती संपली आहे, खाणीत पाणी आहे. ते इवलंसं जनावर साडेपाच कोटी वर्षं कोळशात नीट राहिलं, आणि आमच्या हातात आलं तेव्हा एका पावसाळ्यापर्यंतही टिकलं नाही. प्राजक्ता आता डहाणूत एका क्लासमध्ये दहावीला विज्ञान शिकवते. माकडाचा धडा आला की पानं उलटते, असं तिच्या एका विद्यार्थिनीने मला सांगितलं.

रूपी त्याच वर्षी चैत्रात गेली. भट्टीवर ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. गंगी एकटी परत आली. मी भेटायला गेलो तर तिने ते सूप माझ्यापुढे ठेवलं.

"सासूने तुमाला द्यायला सांगितला."

"मला? का?"

"बोलायची, दादा देवमाणूस हाय. त्याने एकट्याने माझी रीत समजून घेतली."

रूपीला माहीत होतं की मी गप्प बसलो. तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी ती असं म्हणाली. यात टोमणा होता का? असता तर मला झोप लागली असती. ती टोमणे मारायची तेव्हा हसायची, आणि गंगी सांगत होती की हे बोलताना ती हसली नव्हती.

मी त्यानंतर झांज धरली नाही. कीर्तनाला जातो, मागे बसतो. बुवा म्हणतात देव भावाचा भुकेला, तेव्हा मी खाली बघतो. रूपीची मूठ भावाची होती, म्हणून तिला कुणी दोष देऊ नये. माझ्या "दे बाई" मध्ये मात्र भाव नव्हता. मला स्वतःचाच गहिवर आवडला होता. त्या गहिवरापायी एका पोरीचं आयुष्यभराचं काम गेलं आणि एका बाईचं घर गेलं. आणि खरं बोलायची वेळ आली तेव्हा मी वहीत पाहत राहिलो.

प्राजक्ताला मी अजून सांगितलेलं नाही. आज हे तुम्हाला सांगितलं, उद्या तिला लिहून देईन. लिहून, कारण तोंडाने जमणार नाही. क्षमा ती करेल, तिचा स्वभावच तसा. पण ज्या बाईला ती चुकीची समजली ती आता ऐकायला नाही, आणि माझ्या पत्राने ती चिंचेखालून उठून आत येणार नाही.

तुम्ही मंडळी घरी गेलात की ताटातला पहिला घास बाजूला काढाल. काढा. देवाचं नाव घ्या. आणि जमलं तर त्याच्यामागे उधव्याच्या पाड्यावरच्या रूपीचंही नाव घ्या. तो अर्धा जबडा तिच्याच डोळ्यांना दिसला होता. तो जगाला दाखवायचा होता तेव्हा तिचं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही. तुम्ही तरी तिला आठवा.